पाण्यावर फिरणारा दगड

भाताची झोडणी उरकली की खळ्यावर उपणणी सुरू होते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या आसपास जिथे अजून शेती टिकून आहे, तिथे दिवाळीनंतर हे काम चाललेलं दिसतं. सूप डोक्याच्या उंचीला धरायचं आणि झुळूक आली की हळूहळू हलवायचं. फोलपट लांब उडतं, दाणा पायाशी पडतो. झुळूक थांबली की हातही थांबतात. उल्हास नदीच्या खोऱ्यातला शेतकरी असा वाऱ्याला कामाला लावत आला. याच नदीच्या खाडीतून शिडाची गलबतं वाऱ्यावर कल्याण बंदराला लागत. तरीही दाणे दळणाऱ्या पवनचक्कीची परंपरा या खोऱ्यात रुजली नाही, आणि उरलेल्या महाराष्ट्रातही नाही.

कारण शोधायचं तर वाऱ्याचं आणि पिकाचं पंचांग शेजारी ठेवून बघावं. आपल्याकडे जोराचा वारा पावसाबरोबर येतो. साताऱ्याजवळच्या वनकुसवड्याच्या पठारावर आज वीज करणाऱ्या शेकडो पवनचक्क्या उभ्या आहेत, आणि त्यांच्या वर्षभराच्या विजेचा मोठा हिस्सा पावसाळ्याच्या चार महिन्यांत तयार होतो. नेमक्या त्याच दिवसांत कणगीतलं धान्य तळाला गेलेलं असतं, हवा दमट असते आणि पिठाच्या गुठळ्या होतात. नवं भात येतं दिवाळीच्या सुमारास, घाटावरची ज्वारी त्यानंतर काही महिन्यांनी. दाणा घरात आला की वारा पडलेला. जो काही उरतो तो उपणायला पुरतो, पण जड दगड तासन्‌तास फिरवत ठेवायला पुरत नाही.

जिथे ही दोन पंचांगं जुळली तिथे पवनचक्की जन्मली. इराण आणि अफगाणिस्तानच्या सीमेवरच्या सीस्तान प्रदेशात उन्हाळ्यात ‘एकशेवीस दिवसांचा वारा’ म्हणून ओळखला जाणारा वारा एकाच दिशेने वाहत राहतो, मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. तिथला गहूही उन्हाळ्याच्या सुरुवातीला कापून घरात येतो. दहाव्या शतकातला भूगोलकार अल-इस्तख्री याने या भागातल्या पवनचक्क्यांची नोंद केली आहे. त्याच वाऱ्याच्या पट्ट्यातल्या नश्तीफान गावात मातीच्या उंच भिंतींमध्ये बसवलेल्या अशा सुमारे तीस चक्क्या अजून उभ्या आहेत. त्यांचा आस उभा असतो. लाकडी पाती त्या आसाभोवती आडवी फिरतात आणि आसाच्या खालच्या टोकाला थेट दगड बसवलेला असतो.

वारा ठरल्या काळी, ठरल्या दिशेने येणार अशी खात्री असली की माणूस त्याच्या भरवशावर घरसुद्धा बांधतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत जे सिंधी निर्वासित आले, आणि १९४९ मध्ये ज्यांच्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं, त्यांच्यापैकी काही सिंधमधल्या हैदराबाद शहराचे होते. त्या शहरात घरोघरच्या छपरांवर ‘मंघ’ असत, उन्हाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा पकडून खालच्या खोलीत सोडणारे झरोके. जुन्या छायाचित्रांत त्या शहराची सगळी छपरं एकाच दिशेला तोंड करून उभी असलेली दिसतात. उल्हासनगरच्या बराकींना असं काही नव्हतं. इथल्या वाऱ्याने तशी हमी कधी दिलेली नाही.

पण वारा हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं जात्यापाशी सापडतं.

ठाणे आणि रायगडच्या भातपट्ट्यात धान्यावरचं मुख्य काम दळण्याचं नव्हतं, तूस काढण्याचं होतं. त्यासाठी उखळ-मुसळ होतं आणि घिरट होती, म्हणजे भात भरडणारं मोठं जातं. तांदळाच्या नाहीतर नाचणीच्या भाकरीपुरतं पीठ घरच्या जात्यावर निघायचं. घाटावर ज्वारी-बाजरी रोज दळायची असायची, आणि तेही घरच्याच जात्यावर. पहाटे उठायचं, एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ वैरण घालायची. हे काम बायकांचं होतं आणि त्याचा मोबदला कुणी मोजत नव्हतं. जिथे दळणाची मजुरी शून्य धरली जाते, तिथे गावासाठी चक्की उभारण्याचा खर्च कोण करणार? युरोपातल्या पाणचक्क्यांचा आणि पवनचक्क्यांचा इतिहास आपण कौतुकाने वाचतो आणि आपल्याकडे कल्पकतेची कमतरता होती असं मनात धरतो. मला ते मान्य नाही. इथे चक्की न होण्यामागे कल्पकतेपेक्षा या फुकट मनगटांचा वाटा मोठा आहे. त्या मनगटांनी जात्यावर काय काय गायलं हे हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी १९८०च्या दशकापासून खेडोपाडी फिरून नोंदवलं. त्यांच्या प्रयत्नांतून लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्या कष्टाचा एवढा मोठा लेखाजोखा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

तेव्हा चक्की कुठे उभी राहील? जिथे रोज शेकडो माणसं जेवतात आणि त्यांच्यासाठी दळणारं घर मागे नाही, अशा ठिकाणी. आणि तिथे बारमाही चालणारी कुठलीतरी शक्ती हवी. महाराष्ट्रात या दोन्ही अटी एकत्र आल्या त्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाज्याजवळ, तिथली पाणचक्की आजही आहे. आपल्या राज्यात निसर्गाच्या शक्तीवर चालणारी पारंपरिक दळणचक्की बघायची तर तिच्याच दारात जावं लागतं.

ही जागा मुळात एका सूफी साधूचा तकिया, म्हणजे मठ. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याजवळच्या घिज्दुवान भागातून आलेले, नक्शबंदी पंथाचे. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश दख्खनेतल्या मोगल फौजेबरोबर हिंडत असत. बाबा मुसाफिर मात्र औरंगाबादला स्थिरावले आणि १७१५ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या गादीवर आलेल्या शाह महमूद यांनी दोघांच्या आठवणींचा फारसी ग्रंथ लिहिला, आणि सायमन डिग्बी या इंग्रज अभ्यासकाने केलेला त्याचा अनुवाद २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात भेटणारी माणसं बघितली की चक्कीची गरज कळते. मध्य आशियातून नोकरीच्या शोधात आलेले शिपाई, मोहिमेवरून परतणारे स्वार, फकीर, वाटसरू असे सगळे तिथे येत. घरदार हजारो कोस मागे टाकून आलेल्या या पुरुषांना तकियाच्या लंगरात जेवण मिळे. इतक्या भाकऱ्यांचं पीठ कुठून आणायचं, हा तिथला रोजचा प्रश्न असणार.

चक्कीच्या सालाबद्दल मात्र घोळ आहे. अनेक ठिकाणी १६९५ छापलेलं आढळतं, आणि त्याच वाक्यात ती बांधणारा म्हणून निजामुल्मुल्क आसफजाहच्या पदरचा सरदार तुर्कताज खान याचं नाव येतं. या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. मीर कमरुद्दीनला ‘निजामुल्मुल्क’ हा किताब मिळाला १७१३ मध्ये, ‘आसफजाह’ त्यानंतर १७२५ मध्ये. दख्खनचा तो खऱ्या अर्थाने धनी झाला १७२४ मध्ये, विदर्भातल्या शकरखेड्याची लढाई जिंकल्यावर. १६९५ मध्ये तो चोवीस वर्षांचा मोगल सरदार होता आणि बादशहा होता औरंगजेब. दुसरं साल सांगितलं जातं ते हिजरी ११५७, म्हणजे इसवी १७४४. तेव्हा निजाम हयात होता, औरंगाबाद त्याच्या राज्याचं मुख्य शहर होतं आणि गादीवर शाह महमूद होते. मला हेच साल पटतं. लांबट हौद आणि त्यातली कारंजी जमील बेग खानाने नंतर वाढवली, असंही जुन्या नोंदी सांगतात.

आता यंत्र बघू. पाणचक्कीत शिरलं की आधी दिसतो तो हौद. त्याच्या एका अंगाला उंच भिंत आहे आणि भिंतीच्या माथ्यावरून पाणी खाली पडतं. लोक या धबधब्याचे फोटो काढतात आणि पुढे सरकतात. पण दळणाचं सगळं बळ त्या उंचीत आहे. चक्कीच्या खोलीत जमिनीवर दगडांची जोडी दिसते, आणि जमिनीखाली आडवं चाक असतं, उभ्या आसाला पाती जडवलेलं. उंचावरून आलेलं पाणी पात्यांवर आदळतं, चाक फिरतं आणि त्याच्याबरोबर आस फिरतो. आस खालच्या दगडाच्या मधल्या भोकातून वर येतो आणि वरच्या दगडाला अडकलेला असतो. खालचा दगड स्थिर राहतो, वरचा गरगरतो, आणि दाणे मधोमध पडून पीठ होऊन कडेने बाहेर येतात. रचना जात्याचीच आहे, फक्त खुंट्याच्या जागी खालून येणारा आस आहे. हॉलंडच्या पवनचक्कीत पाती उभ्या पातळीत फिरतात आणि दगड आडव्या, म्हणून तिथे लाकडी दात्यांची चाकं मध्ये घालावी लागतात. पाणचक्कीत एकही दाता नाही. झिजणारे भाग कमी, दुरुस्ती गावातल्या लोहाराला आणि पाथरवटाला जमणारी. हिमालयातल्या ओढ्यांवरचे घराट याच जातीचे. उत्तराखंडात ‘हेस्को’ ही संस्था जुन्या घराटांची चाकं सुधारून त्यांच्यावर दळणाबरोबर थोडी वीजही काढण्याचं काम करत आली आहे.

अशा चाकातून किती काम निघतं? एक लिटर पाणी एक मीटर खाली पडलं की त्यातून ९.८ जूल ऊर्जा मिळते. समजा सेकंदाला २० लिटर पाणी ५ मीटर उंचीवरून चाकावर सोडलं. हिशेबाने ९८० वॅट होतात. साध्या आडव्या चाकाला त्यातला तिसरा हिस्सा पकडता आला तरी सव्वातीनशे वॅट हाती लागतात. माणूस दमून न जाता तासन्‌तास करू शकतो ते काम साठ-सत्तर वॅटच्या आसपास असतं. म्हणजे एका चाकाने चार-पाच जणींचं दळण करावं. शिवाय चाकाला विसावा लागत नाही, ते पहाटेही चालतं आणि मध्यरात्रीही. लंगरापुरतं पीठ निघायला तेवढं पुरे.

चाकावरून उतरलेलं पाणी वाया जात नाही, ते हौदात येतं. हौदाच्या तळाखाली एक प्रशस्त दालन आहे, हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. वर पाणी भरलेलं असल्यामुळे मराठवाड्याच्या भर उन्हाळ्यातही तिथे गारवा राहतो, आणि तिथे वाटसरू उतरत. हौदातलं जादा पाणी शेवटी खाम नदीत सोडलेलं. एकच पाणी दळतं, गारवा देतं, नमाजाआधीच्या वुजूला आणि पिण्याला उपयोगी पडतं, मग नदीला मिळतं. इथल्या बांधकामात मला सर्वांत जास्त हे आवडतं. पाण्याकडून एक काम करून घेतलं की ते संपलं, असा विचार त्या माणसांनी केला नाही.

पण हे पाणी भिंतीच्या माथ्यावर चढलं कसं? पंप नव्हता, मोट नव्हती, रहाटही नव्हता. ते उत्तरेकडून, हर्सूलच्या बाजूच्या नदीपात्रालगतच्या विहिरीतून, काही मैलांचा प्रवास जमिनीखालून करून येतं. उगम चक्कीपेक्षा उंचावर आहे. तिथून उतार सांभाळत पाणी बंद नळातून आणायचं, मध्ये सखल भाग आला तर नळ खाली उतरवून पुन्हा वर चढवायचा. नळ बंद आणि उगम उंच असेपर्यंत पाणी स्वतःच्या दाबाने आपली पातळी गाठतं. वाटेत ठिकठिकाणी चुनेगच्चीचे मनोरे उभारलेले. त्यांत पाणी वर चढतं आणि दुसऱ्या बाजूने उतरतं. अडकलेली हवा तिथून निघून जाते, दाब आटोक्यात राहतो आणि गाळ कुठे बसला हे कळतं. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत नळ आणला, त्यावरच्या अशाच बांधकामांना ‘उसासे’ म्हणतात. पुणेकरांना जे उसाश्यांबद्दल माहीत आहे, ते मनोऱ्यांनाही लागू आहे.

हे ज्ञान पाणचक्कीच्या आधी शंभर वर्षांहून जास्त काळ या शहरात मुरलेलं होतं. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवलं आणि त्यानंतर काही वर्षांत ‘नहर-ए-अंबरी’ ही पाण्याची भूमिगत वाट आणली. त्याच दशकात, १६१५च्या सुमारास, तापीकाठी बुऱ्हाणपूरला अब्दुर्रहीम खानखानाच्या कारकिर्दीत इराणी धर्तीचा ‘कुंडी भंडारा’ खणला गेला. दख्खनच्या काळ्या खडकावरच्या भुसभुशीत थरांत आणि भेगांमध्ये पावसाचं पाणी मुरून राहतं. नदीवर मोठा बांध न घालता हे मुरलेलं पाणी जमिनीखालीच गोळा करायचं आणि उन्हा-वाऱ्याला न दाखवता शहरात आणायचं, अशी ती पद्धत. औरंगाबादेत पुढे अशा नहरी वाढत गेल्या. पाणचक्कीची नहर त्याच कुटुंबातली आहे, तिच्या शेवटाला फक्त एक चाक आहे.

उल्हास खोऱ्याच्या वाचकाला हे सगळं दूरचं वाटू नये म्हणून इथे थोडं थांबतो. बदलापूरच्या बॅरेजवर जे पाणी उचललं जातं, त्यातलं उन्हाळ्यातलं बरंचसं पाणी आधी एक चाक फिरवून आलेलं असतं. सह्याद्रीच्या माथ्यावर, मावळात, आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. आंध्रा ही इंद्रायणीची उपनदी. तिचं पाणी स्वभावाने भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जायचं. टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीने ते अडवलं, डोंगरातून पश्चिमेकडे वळवलं आणि सुमारे पाचशे मीटर खाली कर्जतजवळच्या भिवपुरीच्या वीजघरात सोडलं. १९२२ मध्ये ते वीजघर सुरू झालं. तिथे पाण्याची जोरदार धार पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते, चाक फिरतं, वीज होते आणि काम झालेलं पाणी उल्हास नदीत येतं. पावसाळी असलेली उल्हास उन्हाळ्यातही वाहती राहते ती या पाण्यामुळे. ते अंबरनाथ-बदलापूरच्या नळांना येतं, पुढे कल्याण-डोंबिवलीही त्यावर जगते. १९७२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाचं बारवी धरण झालं, त्याने उद्योगांची आणि उल्हासनगरसकट आसपासच्या शहरांची तहान बरीचशी भागवली. पण नदीचा उन्हाळी प्रवाह आजही भिवपुरीच्या चाकांवर अवलंबून आहे.

पाणचक्कीसाठी आपण धरलेलं पाच मीटरचं पाणी आणि भिवपुरीचं पाचशे मीटरचं पाणी यांत तत्त्वाचा फरक काही नाही. दोन्हीकडे उंचीचं बळ काढून घेतलं आणि पाणी पुढे प्यायला दिलं. मावळच्या, भीमा खोऱ्याच्या लोकांची तक्रार आहे की आमचं पाणी कोकणात का सोडता, आणि त्या तक्रारीत तथ्य आहे. तो वाद कसाही सुटो, नदीत आलेल्या पाण्याचं आपण काय करतो हे मात्र आपल्या हातात आहे. कल्याणजवळ मोहने परिसरात उल्हासवर साचणारी जलपर्णी आणि अंबरनाथच्या हजार वर्षं जुन्या शिवमंदिराला वळसा घालणाऱ्या वालधुनीचा रासायनिक काळा रंग बघितला की मन विषण्ण होतं. इसवी १०६० मध्ये शिलाहारांनी ते मंदिर ज्या पाण्याच्या काठी बांधलं, त्या पाण्यात आज कुणी ओंजळ बुडवणार नाही.

पुन्हा पाणचक्कीकडे येऊ, कारण जतनाचा प्रश्न तिथे फार स्पष्टपणे समोर येतो. यंत्र जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं?

या प्रश्नावर सर्वांत जास्त विचार हॉलंडने केला आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे दहा हजारांच्या आसपास पवनचक्क्या होत्या. वाफेची आणि मग डिझेल-विजेची इंजिनं आली आणि त्या झपाट्याने मोडीत निघाल्या. १९२३ मध्ये पवनचक्क्या वाचवण्यासाठी तिथे एक संस्था स्थापन झाली. आज सुमारे बाराशे उरल्या आहेत. किंडरडाइकच्या एकोणीस चक्क्या १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मला या कहाणीतला महत्त्वाचा टप्पा १९७२चा वाटतो. त्या वर्षी तिथे हौशी चक्कीवाल्यांचा संघ उभा राहिला. इमारती सरकारी पैशाने दुरुस्त होत होत्या, पण चालवायला येणारी माणसं म्हातारी होऊन संपत चालली होती. बंद पडलेली चक्की लवकर कुजते, लाकूड एका बाजूने भिजतं, आस एकाच जागी दबतो. म्हणून सामान्य नागरिकांना वारा ओळखायला, शिडं बांधायला, चक्की थांबवायला शिकवलं गेलं. २०१७ मध्ये युनेस्कोने चक्की चालवण्याच्या या कसबाला अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली.

आपल्याकडे जतनाचा विचार बहुतेक वेळा वस्तूपाशी थांबतो. बदलापूर-कर्जत रस्त्यावरच्या फार्महाउसांमध्ये आणि ढाब्यांवर जुनी जाती मांडलेली दिसतात, कुंडीखाली नाहीतर कारंज्याच्या कडेला. वरची तळी आहे, खुंट्याची खोबण आहे, पण टाकी लावणारा पाथरवट कुठे मिळेल विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. दगडावरचे टाके बोथट झाले की जातं दळत नाही, दाणे नुसते चेपतं. ज्या जात्याला कुणी टाकी लावत नाही ते जातं म्हणून संपलेलं असतं.

पाणचक्कीचं तसं होऊ नये असं मनापासून वाटतं, आणि तिचा धोका चाकात नाही. दगड झिजला तर नवा घडवता येतो, पातं मोडलं तर दुसरं बसवता येतं. धोका आहे नहरीला. शहर उत्तरेकडे वाढलं, नहरीच्या वाटेवर वस्त्या आणि रस्ते आले, पाया खणताना नळ फुटले, सांडपाणी शिरलं, मनोरे पडले किंवा कुणाच्या तरी भिंतीत गेले. भोवताली कूपनलिका खोल खोल गेल्या तसं मुरलेलं पाणीही खाली गेलं. उन्हाळ्यात भिंतीवरची धार क्षीण होते. भिंतीमागे विजेचा पंप बसवून हौदातलंच पाणी पुन्हा वर चढवता येईल आणि पर्यटकांना धबधबा दिसत राहील, हा सोपा मार्ग कुणालाही सुचेल. तो पत्करू नये. तसं केलं तर विजेने पाणी चढवून पाण्याने दगड फिरवल्यासारखं होईल आणि यंत्राचा अर्थच जाईल.

अडचण प्रशासनाचीही आहे. पाणचक्कीचा परिसर वक्फचा, राज्याच्या वक्फ मंडळाचं मुख्य कार्यालयही तिथेच. पण नहर काही मैल धावते ती महापालिकेच्या रस्त्यांखालून, सरकारी जागांतून आणि खाजगी मालकीच्या जमिनींखालून. चक्कीला धनी आहे, तिच्या पाण्याच्या वाटेला सलग एक धनी नाही. म्हणून चक्कीच्या आवारात फरशी बदलली जाते, रंग दिला जातो, आणि दूर कुठेतरी नळ फुटलेला असतो त्याचा पत्ता कुणाला नसतो.

या शहराला आज मुख्य पाणी येतं ते जायकवाडीहून, पंपांनी चढावर उचलून. नळाला पाणी यायची लोक कित्येक दिवस वाट बघतात. ज्या शहराच्या पोटात उताराने आपोआप येणाऱ्या पाण्याचं जाळं होतं त्याच्यावर ही वेळ यावी याचं वाईट वाटतं. नहरींनी आजच्या लाखो लोकांची तहान भागणार नाही, पण बागा, वापराचं पाणी आणि जुन्या मोहल्ल्यांची गरज यांचा भार त्या नक्की उचलू शकतात. गेल्या काही वर्षांत महापालिका आणि नागरिकांनी मिळून खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचं काम हाती घेतलं, काठ साफ केले, नाले अडवले. नदी आणि नहर एकाच पाणलोटात आहेत, त्यामुळे त्या कामाचा पुढचा हात नहरीपर्यंत पोचणं शक्य आहे.

सुरुवात चक्कीच्या आवारात करायची नाही, हर्सूलच्या बाजूला उगमाच्या विहिरीपाशी करायची. तिथून खाली चालत येत प्रत्येक मनोरा, प्रत्येक तपासणीचं तोंड नकाशावर घ्यायचं, आणि तो नकाशा रस्ते खणणाऱ्या प्रत्येक खात्याच्या टेबलावर पोचवायचा. उगमाभोवतीच्या जमिनीत नवी कूपनलिका होऊ द्यायची नाही. पावसाळ्याआधी गाळ काढायचा, उघडी तोंडं झाकायची. हे काम जाणणारी चार-सहा तरुण माणसं पगारावर नेमायची आणि त्यांना मुरवायचं, हॉलंडने आपले चक्कीवाले मुरवले तसं. आणि वर्षभर, दर महिन्याला, पाण्याचा प्रवाह दोन ठिकाणी मोजायचा, उगमाशी आणि चक्कीच्या भिंतीच्या माथ्यावर. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे वाटेतली गळती. मग मनोऱ्यागणिक मोजत गेलं की ती कोणत्या टप्प्यात आहे हे सापडतं, आणि तेवढाच टप्पा उघडून दुरुस्त करता येतो.